सुपारीची उन्हाळी

सुपारी आमच्याकडे आली ती कांद्यांबरोबर. सासूबाईंचा भाचा कारभारी लासलगावहून टेम्पो घेऊन नाशिकला यायचा आणि येताना आमच्याकडे अर्धी गोणी उन्हाळ कांदा टाकून जायचा. एकोणऐंशीच्या मे महिन्यात त्याने गोणी उतरवली, तेव्हा तिच्यामागून एक वीतभर तपकिरी पिल्लू आपणहून खाली आलं, ओटा चढलं आणि आमच्या उंबऱ्यावर पसरलं. कारभारी म्हणाला, ही कुठं चढली मला ठाऊक नाही, पण परत न्यायला सांगू नका, वाटेत तिनं माझी भाकर खाल्ली आहे. रंग भाजक्या सुपारीचा, म्हणून नाव सुपारी. त्या नावावर यापेक्षा जास्त विचार कुणी केला नाही.

घरात आम्ही तिघं. हे, म्हणजे सावळीराम, अंबडच्या एका कारखान्यात फिटर. मी विमल. आणि सासूबाई धोंडाबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते. लेक लग्न होऊन मनमाडला गेलेली, मुलगा पुण्याला शिकायला. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे परसात एक कडुनिंब.

आत्याबाईंनी आयुष्याची पंचवीस वर्षं लासलगावला व्यापाऱ्यांच्या खळ्यावर काढली. लिलावात घेतलेला कांदा खळ्यावर ओततात, तिथे बाया तो निवडतात आणि मग गोण्या भरून शिवतात. डोळे मिटून कांदा हातात घेतला तरी तो दिवाळीपर्यंत टिकेल की पोळ्यालाच कोंब काढेल, हे त्या सांगत. त्यांच्या लेखी कांदा ही भाजी नव्हतीच. ऊन लागलं, कांदा. घोळणा फुटला, कांदा. चक्कर आली, कांदा. विंचू चावला तर दवाखान्यात पोचेपर्यंत कांदा. उन्हाळ्यात आमच्या कॉलनीत कुणाचं पोर मलूल झालं की बाया आधी आमच्या दारात येत. आत्याबाई कांदा चेचून रस काढत, थोडा पोराच्या तळपायांना चोळत, दोन चमचे पाजत आणि पोर मांडीवर घेऊन बसत. पोरं बरी होत. कांद्यानं होत की त्या मांडीवर तासभर गपगार पडून राहिल्यानं होत, ते मी कधी तपासायला गेले नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. ह्यांच्या पाठीवर आत्याबाईंना एक मुलगी होती, चांगुणा. चार वर्षांची असताना वैशाखात खळ्यावर तिला ऊन लागलं आणि ती गेली. आत्याबाई एवढंच सांगत. पुढचं कुणी विचारत नसे. बुद्धपौर्णिमेला आमच्याकडे खीर होते. त्या दिवशी त्या एक वाटी बाजूला काढून ठेवत आणि संध्याकाळी शेजारच्या कुठल्याही लहान पोराला बोलावून देत. सुपारी आल्यापासून ती वाटी सुपारीला मिळू लागली. यावर मी काही बोलले नाही आणि शेजारच्या पोरांनीही तक्रार केली नाही.

तर ब्याऐंशीचा उन्हाळा. एप्रिल संपता संपता एका दुपारी सुपारी कडुनिंबाखाली आडवी पडली ती उठेना. जीभ बाहेर, लाळ गळतेय, पोट भात्यासारखं हलतंय. आत्याबाईंनी तिला ओढत मोरीत नेलं, अंगावर दोन तांबे ओतले आणि गुळाबरोबर चेचलेला कांदा तिच्या तोंडात कोंबला. दोन तासांनी सुपारी उठली, अंग झाडलं आणि माझं धुतलेलं लुगडं ओलं केलं. झालं. कांद्याचा आणखी एक विजय. पाण्याच्या दोन तांब्यांचं नाव कुणी काढलं नाही.

त्या दिवसापासून आत्याबाईंनी तिला रोज एक कांदा सुरू केला. पुन्हा ऊन लागायला नको म्हणून. चुलीत भाजायचा, साल काढायची, भाकरीत कुस्करायचा, वर कालवणाचा रस्सा. सुपारी कालवणाच्या वासानं सगळं चाटूनपुसून खायची. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आम्हीही तेच खात होतो, फक्त आम्हाला साल काढून कुणी देत नव्हतं.

आठ-दहा दिवसांनी ती मंदावली. आधी मला वाटलं, उन्हाळाच आहे, मीही मंदावलेच आहे. पण सुपारीचा एक नेम होता. ह्यांची पाळी सुटून सायकल कॉलनीच्या कोपऱ्यावर वळली की ती घंटी ऐकून धावत जायची आणि सायकलीच्या पुढे पुढे, जणू रस्ता तीच दाखवतेय अशी, घरापर्यंत यायची. तीन वर्षांत तिनं तो चुकवला नव्हता. पावसात नाही, पिल्लं झाली तेव्हाही नाही. त्या मंगळवारी घंटी वाजली. तिनं कान उचलले, शेपटी दोनदा जमिनीवर आपटली आणि डोकं परत पायांवर ठेवलं. हे दारात येऊन उभे राहिले आणि विचारलं, आज काय झालं हिला. म्हणजे त्यांनाही कळलं होतं. पण कळलं म्हणून काही करायचं असतं, हे पुरुषांना वेगळं सांगावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कडुनिंबाकडे गेली आणि मी मागून पाहिलं, तर लघवी लालसर. उकळून उकळून काळपट झालेल्या चहासारखी. मी आत्याबाईंना बोलावलं. त्यांनी वाकून पाहिलं आणि निर्धास्तपणे सांगितलं की ही उन्हाळी लागली. माणसाला उन्हाळ्यात लघवीला जळजळ होते, लाल होते, तशीच. उन्हाळी म्हणजे अंगात ऊन साठलं. आणि ऊन साठलं तर काय द्यायचं, हे आमच्या घरात भिंतींनाही ठाऊक होतं. त्या दिवसापासून दोन कांदे झाले.

शेजारच्या रंगूबाईंचं मत पडलं की कुत्रं आपलं आपण गवत खाऊन बरं होतं. ह्यांचं मत पडलं की रविवारपर्यंत बघू. मी बघितलं, आणि बघण्यात तीन दिवस गेले. शनिवारी मी तिचं तोंड धरून ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्या. पांढऱ्या म्हणजे भिंतीच्या चुन्यासारख्या. माझ्या लेकीला बाळंतपणात रक्त कमी पडलं होतं, तेव्हा नर्सनं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून मला असाच रंग दाखवला होता. मी उठले आणि ह्यांना सांगितलं की उद्या हिला गुरांच्या दवाखान्यात न्यायचं. हे म्हणाले, तिथं म्हशी आणतात. मी म्हटलं, म्हशीला चालतं ते हिलाही चालेल.

रंगूबाईंनी ओट्यावरून ऐकलं आणि हसल्या. माणसाला केसपेपरसाठी रांग लावावी लागते, तुम्ही कुत्रीला डॉक्टर करा, असं काहीसं म्हणाल्या. आत्याबाईंना मात्र राग आला नाही. मला वाटलं होतं येईल. त्या म्हणाल्या, जा, सुई टोचून आण. कांदा मी देतेच.

रविवारी सकाळी तासभर दवाखाना उघडा असे. सायकलच्या कॅरियरला कांद्याची पाटी बांधली, पाटीत गोणपाट, गोणपाटावर सुपारी. हे सायकल ढकलत पुढे, मी पाटीला हात लावून बाजूनं. तिथं पोचल्यावर हे एका बैलापाशी जाऊन अशा बेतानं उभे राहिले की बघणाऱ्याला वाटावं, हे बैलाबरोबर आलेत. केसपेपर लिहिणारा निवृत्ती नावाचा माणूस होता. त्याने विचारलं, गाय, म्हैस, बैल, शेळी? मी पाटीकडे बोट दाखवलं. त्याने थोडा विचार केला आणि लिहिलं, इतर.

डॉक्टर चाळिशीचे, बारीक, बाह्या दुमडलेले. म्हशीच्या पोटाला कान लावून झाल्यावर त्यांनी हात धुतले आणि सुपारीला तितक्याच गंभीरपणे तपासलं, हे मला आवडलं. हिरड्या पाहिल्या, पोट दाबलं, ताप पाहिला. लघवीचा रंग मी सांगितला. मग त्यांनी विचारलं, खायला काय घालता?

मी म्हटलं, भाकरी. कधी कालवण.

"घरचं काही औषध दिलंत? पाला, मुळी, काहीही?"

"नाही. काही नाही दिलं."

इतक्या सहज म्हटलं मी की माझं मलाही ते खोटं वाटलं नाही. याला कारण आहे. माझा मुलगा सात महिन्यांचा असताना त्याला खोकला झाला आणि आत्याबाईंनी त्याच्या पोटावर बिब्ब्याचे पाच ठिपके दिले होते. सगळ्यांकडे देत. मी त्याला दवाखान्यात नेला, तिथल्या डॉक्टरनं झबलं वर केलं आणि सगळ्या रांगेसमोर मला झाप झाप झापलं. अडाणी आहेस, पोराला जाळतेस, असलंच करायचं तर येता कशाला. मी त्या वेळी वीस वर्षांची. घरी येऊन आत्याबाईंपुढे रडले. त्यांनी मला पदरानं तोंड पुसायला सांगितलं आणि म्हणाल्या, डाक्टरनं इचारलं तर आपण म्हनायचं, काई दिलं नाय. त्यानंतर वीस वर्षं मी तेच म्हणत आले. लेकीच्या गोवरात म्हटलं, ह्यांच्या काविळीत म्हटलं. आमच्या सगळ्या बाया तेच म्हणतात. डॉक्टर विचारतात, आम्ही नाही म्हणतो, ते लिहितात. आणि तसंही कांदा म्हणजे औषध थोडंच. कांदा तर कांदा.

डॉक्टरांनी सुपारीच्या कानामागून दोन गोचीड काढले आणि मला दाखवले. म्हणाले, गोचिडांचा ताप असावा, त्यात रक्त फुटतं, लघवी लाल होते. ताप फारसा नाही हे त्यांना थोडं खटकलं, ते त्यांनी बोलूनही दाखवलं. सुई दिली, गोळ्या दिल्या. तीन दिवसांत फरक पडला नाही तर परत आणा, म्हणाले. तीन म्हणजे तीन, चौथ्याची वाट बघू नका.

घरी आलो. मी गोळी गुळात घालून द्यायची आणि आत्याबाई कांदा भाकरीत घालून द्यायच्या. दोघींचं छान चाललं होतं. सोमवारी सुपारीनं भाकरी निम्मी ठेवली. मंगळवारी तोंड लावलं नाही, म्हणून आत्याबाईंनी कांद्याचा रस काढून चमच्यानं तिच्या गालात सोडला. मी तिचं डोकं धरलं होतं. हे मी लिहिते आहे कारण ते तसं झालं. डोकं मी धरलं होतं.

बुधवारी सकाळी ती उभी राहायला गेली आणि मागचे पाय फाकून खाली बसली. मग तेही नाही. कुशीवर पडली, डोळे उघडे, नाकाचा शेंडा फिक्का. मी हाक मारली तर फक्त डोळे माझ्याकडे वळले. हे पहिल्या पाळीला गेलेले. रंगूबाई आल्या, बघितलं आणि या वेळी हसल्या नाहीत. म्हणाल्या, विमलताई, आता हलवू नका, तिच्या जागेवर शांत जाऊ द्या. ते त्यांनी मायेनं म्हटलं आणि मला मोह झाला, हेही खरं. हलवलं नाही तर निदान वाटेत पाटीत मरणार नाही. पण डॉक्टर म्हणाले होते, तीन म्हणजे तीन. मी चप्पल घातली आणि बारकूचा टांगा बघायला गेले.

टांगा घेऊन आले तर आत्याबाई नवं लुगडं नेसून ओट्यावर तयार. मी बी येते, म्हणाल्या. मला वाटलं सुपारीसाठी येतात. ते होतंच, पण वाटेत कळलं की त्यांना डॉक्टरांना दोन शब्द ऐकवायचे होते. बारकूनं कुत्री बघून घोडा बिथरेल अशी तक्रार केली. आत्याबाईंनी त्याला विचारलं की तुझ्या पोराला मागल्या वर्षी ऊन लागलं तेव्हा कुणाकडे आणलं होतंस. मग घोडा काही बिथरला नाही. सुपारीचं डोकं आत्याबाईंच्या मांडीवर, बाकीची माझ्या.

निवृत्तीनं आम्हाला रांगेतून पुढे घेतलं. डॉक्टरांनी टेबलावर तिचा ओठ उचलला, हिरडी बोटानं दाबून पाहिली. मग म्हणाले, सुईनं काहीच फरक नाही पडला?

एवढीच संधी आत्याबाई बघत होत्या. पदर खोचला आणि सुरू झाल्या.

"तुमच्या सुईनं काय झालं सायेब? उभी व्हती ती आडवी झाली. माझ्या कांद्यानं तरी पंधरा दिस धरून ठिवलं तिला."

"कुठला कांदा?"

"कुठला म्हंजे? लासलगावचा. उन्हाळ."

डॉक्टरांनी सुपारीचा ओठ सोडला. विचारलं, "हिला कांदा देता? किती?"

"रोज एक. उन्हाळी लागली तवापासून दोन. काल भाकर खाईना, मंग रस पाजला."

आत्याबाई हे ताठ मानेनं सांगत होत्या. जसं मागच्या वीस वर्षांत एकदाही डॉक्टरपुढे सांगितलं नव्हतं तसं. डॉक्टर त्यांच्याकडे बघत होते. मग त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी टेबलाच्या कडेचा पत्रा बघत होते.

मला वाटलं, आता झापतील. रांगेत दहा-बारा माणसं होती, बैलासकट. पण ते टेबलावर हात टेकून, आत्याबाईंच्या कानाजवळ वाकून बोलले. म्हणाले, आजी, मी तीन वर्षं निफाडला होतो. तिकडे खराब कांद्याचे ढीग बांधावर टाकतात, गाई ते पोटभर खातात आणि लाल मुततात. मालक म्हणतो गोचीड, मी बघतो तर कांदा. माणसाचं रक्त कांदा पचवतं, जनावराचं पचवत नाही. आतल्या आत फुटतं. कुत्र्याला तर थोडाही पुरे होतो. हिला उन्हाळी लागली नव्हती. ती लाली कांद्याचीच होती.

आत्याबाईंचा हात सुपारीच्या कानावर होता, तो तसाच राहिला. पंचवीस वर्षं कांदा निवडलेला हात, अंगठ्याचं नख कायमचं पिवळं. मला त्यांच्याकडे बघवेना. डॉक्टर निवृत्तीला सलाईनची बाटली आणायला सांगून वळले, तेव्हा आत्याबाईंनी त्यांची बाही धरली.

"आन् माणसाला?"

"माणसाला काय?"

"माणसाला नाय ना हुत असं? ल्हान्या पोराला? चार वर्साच्या?"

डॉक्टर थांबले. त्यांना काय कळलं, किती कळलं, मला माहीत नाही. पण त्यांनी घाई केली नाही. म्हणाले, "नाही आजी. चार वर्षांच्या पोराला कांद्याच्या रसानं काही होत नाही. ऊन जास्त लागलं असेल तर उपयोग होणार नाही, इतकंच. पण कांद्यानं वाईट होत नाही."

"नक्की?"

"नक्की."

आत्याबाईंनी बाही सोडली.

सलाईन दोन तास चाललं. आत्याबाई बाटली बघत उभ्या होत्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं की कांदा पूर्ण बंद, कालवणातला सुद्धा, लसणाचाही वास नको. बकऱ्याची कलेजी उकडून द्या, हे रक्ताचं औषध द्या, सावलीत ठेवा. नवं रक्त अंगानंच करायचं असतं, ते माझ्याकडे बाटलीत नाही. चार दिवस काढले तर जगेल. सोमवारी दाखवायला आणा. मी विचारलं, आणि नाही काढले तर? ते म्हणाले, तर मग रविवारी आणलीत तेव्हाच उशीर झाला होता असं समजा. हे ते मला धीर द्यायला बोलले. मला मात्र माहीत होतं की रविवारी काय झालं होतं. रविवारी त्यांनी विचारलं होतं.

घरी आल्यावर आत्याबाईंनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे कॉटखालची कांद्याची गोणी ओढत बाहेर नेली आणि रंगूबाईंच्या ओट्यावर ठेवली. रंगूबाईंनी का म्हणून विचारलं नाही. मग मोरीत बसून त्यांनी राखेनं हात घासले, कितीतरी वेळ. कलेजी त्या स्वतः उकडायच्या, स्वतः बारीक करायच्या आणि बोटानं सुपारीच्या टाळूला लावायच्या. पहिल्या दिवशी सुपारीनं ती गिळली नाही, गालातून बाहेर आली. दुसऱ्या दिवशी थोडी गिळली. ह्यांची सायकल घंटी न वाजवता येऊ लागली. सांगितलं कुणीच नव्हतं.

शुक्रवारी दुपारी आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना बसलो होतो, मधे ओलं गोणपाट. आत्याबाई पंख्यानं तिला वारा घालत होत्या. अचानक म्हणाल्या, इमल, त्यानं पयल्या दिशी इचारलं नव्हतं का?

नाही म्हणता आलं असतं. माझी सवय तर तीच होती.

"विचारलं होतं," मी म्हटलं. "घरचं औषध दिलं का म्हणून. मी नाही म्हणाले."

पंखा थांबला नाही. मला वाटलं आता म्हणतील, तू सांगितलं असतंस तर तीन दिवस वाचले असते. ते खरंच होतं. पण त्या बोलल्या त्या सुपारीकडे बघत.

"मला बी इचारलं व्हतं. चांगुणाच्या येळेला. सरकारी दवाखान्यात नेली तिला बैलगाडीत घालून. डाक्टर म्हनला, हिला काय काय पाजलं. सकाळपसून कांद्याचा रस पाजत व्हते मी. म्हनले, काई नाय पाजलं." पंखा एकदा हुकला, परत सुरू झाला. "तवापसून वाटायचं, सांगितलं असतं तर काई येगळं केलं असतं का त्यानं. आन् परवा वाटलं, कांद्यानंच गेली का काय ती."

मी म्हटलं, डॉक्टर नक्की म्हणाले ना.

"म्हनले. म्हनून तर सांगती."

मग त्यांनी मला पंखा दिला आणि कलेजी बघायला गेल्या. मला आठवलं, वीस वर्षांची मी रडत घरी आले होते तेव्हा त्यांनी मला ते वाक्य शिकवलं होतं. त्यांच्याकडे तेव्हा ते नवं नव्हतं. पंधरा वर्षं जुनं होतं.

शनिवारी सुपारीनं स्वतःहून पाणी चाटलं. रविवारी सकाळी मी चूल पेटवत होते तर जागा रिकामी. परसात गेले तर ती कडुनिंबाकडे निघालेली, दर दोन पावलांना थांबत, आणि तिच्यामागे आत्याबाई, लुगडं वर धरून, तिच्याहीपेक्षा हळू. सुपारी बसली. आत्याबाई वाकल्या. इतक्या वाकल्या की मला वाटलं पडतात. मग ताठ झाल्या आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "पिवळी हाय गं इमल."

रंगूबाई कुंपणावरून बघत होत्या. त्याही बघायला आत आल्या. आम्ही तिघी त्या ओल्या मातीकडे बघत उभ्या राहिलो. हे दात घासत मागच्या दारात आले, आमच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता परत गेले.

सोमवारी परत टांगा. बारकूनं या वेळी गोणपाट आधीच अंथरून ठेवलं होतं. निवृत्तीनं जुना केसपेपर शोधून काढला. डॉक्टरांनी ओठ उचलला. हिरड्या अजून फिक्क्याच, पण कडेला जरा जरा गुलाबी आलेली. ते हसले. मग केसपेपर पुढे ओढला आणि विचारलं, या पाच दिवसांत काय काय दिलं?

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई पुढे झाल्या. बुधवारी संध्याकाळी कलेजी, बोटाएवढी, ती थुकली. रात्री औषध, अर्धं सांडलं. गुरुवारी कलेजी दोनदा, पाणी चमच्यानं. शुक्रवारी कलेजी, भाताची पेज, मीठ नाय. शनिवारी पेज, कलेजी, एक घोट च्या, तो तिनं सावळीरामच्या बशीतून आपून पिला, त्याला मी बोलले. रविवारी बाजरीची भाकर दुधात, कांदा नाय, लसूण नाय, तवा बी घासून घेतला व्हता. आज सकाळी तीच. मागे एक बैल तपासणीच्या लाकडी खोड्यात हंबरत होता, त्याचा मालक घड्याळ बघत होता. आत्याबाईंना कुणाचीच घाई नव्हती. डॉक्टरांनी लिहिणं केव्हाच थांबवलं होतं, पण ते ऐकत होते.

सगळं संपल्यावर आत्याबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"इमल, काई ऱ्हायलं का?"

राहिलं होतं. रविवारी सकाळी, त्या दोघी परसातून आत गेल्यावर, कुणी बघत नाही असं बघून.

"अर्धा पेढा," मी डॉक्टरांना म्हटलं. "मी दिला."